बाबांना बेसबॉल दाखवला: शिकागो ते शिकागो, नऊ दिवस, साडेतीन सामने

लाँगऑफ (धागाकर्ता)

आई-बाबा इकडे आले की आपल्याकडे ठरलेलं असतं: नायगारा, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन. पहिल्या दोन खेपांना ते सगळं यथासांग पार पडलं. गेल्या उन्हाळ्यात तिसऱ्या खेपेला आले, तेव्हा विमानतळावरून घरी येताना गाडीतच बाबांनी जाहीर केलं, "यंदा धबधबा नको."

बाबा परळचे. माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये उभं आयुष्य गेलं आणि रविवार कांगा लीगमध्ये. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: ही मुंबईतली ऐन पावसाळ्यात खेळली जाणारी क्रिकेटची स्पर्धा, १९४८ पासूनची. ओली खेळपट्टी, पोटरीभर गवत. बाबा खालच्या डिव्हिजनमध्ये ऑफस्पिन टाकायचे, पण त्यांचं बोलणं ऐकलंत तर वाटेल वरच्याच.

तर बेसबॉल ही कल्पना माझ्या मुलाची (वय १२). आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो. नकाशा पसरला, चार संघांची वेळापत्रकं शेजारी शेजारी मांडली. प्रत्येक संघ मोसमात १६२ सामने खेळतो, त्यातले निम्मे घरी, त्यामुळे हे जुळवणं म्हणजे लग्नाचा मुहूर्त काढण्यासारखं. शेवटी असं ठरलं: शिकागो, लुइव्हिल, सिनसिनाटी, पिट्सबर्ग, क्लीव्हलंड, डेट्रॉइट आणि परत. साधारण १३०० मैल. डेट्रॉइटचा संघ त्या आठवड्यात बाहेरगावी होता, ते चालवून घेतलं. पुढे कळलं, बरंच झालं.

पहिला दिवस, रिगली फील्ड, शिकागोतलं बेसबॉलचं मैदान (इकडे त्याला पार्क म्हणतात). गाडी घरीच ठेवली. मेट्रा म्हणजे इथल्या लोकलने युनियन स्टेशन, तिथून चालत रेड लाइन, ॲडिसनला उतरलं की समोर पार्क. आजूबाजूला राहती घरं. १९१४ चं बांधकाम, त्यामुळे छताला आधार द्यायला लोखंडी खांब आणि स्वस्त तिकिटांच्या पुढ्यात नेमके तेच खांब. बाबांच्या वाट्याला असाच एक आला. पहिले दोन डाव ते खांबाच्या एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून बघत होते. मग म्हणाले, "गिरगावात आमच्या मामाच्या गॅलरीतून गणपती असाच दिसायचा."

धावफलक अजून हाताने चालवतात. १९३७ पासूनचा आहे, आत माणसं बसून आकड्यांच्या पाट्या बदलतात. बाहेरच्या विटांच्या भिंतीवर वेल चढवलेत, तेही १९३७ चेच. चेंडू वेलीत अडकला तर क्षेत्ररक्षक दोन्ही हात वर करतो आणि फलंदाजाला दोन बेस (धावताना गाठायचे टप्पे) मिळतात. हे कळल्यावर बाबा जे खुलले! गवतात चेंडू हरवला की 'लॉस्ट बॉल' म्हणून आम्ही कसे बोंबलायचो, ही गोष्ट शेजारच्या एका गोऱ्या आजोबांना मराठी-हिंदी-इंग्रजीत सांगून झाली. त्या आजोबांनी बदल्यात दिव्यांची गोष्ट सांगितली. इथे १९८८ पर्यंत प्रकाशझोतच नव्हते, सगळे सामने उन्हात. ८ ऑगस्ट १९८८ ला पहिल्यांदा दिवे लावून सामना सुरू केला आणि पावसाने तो धुऊन टाकला. बाबांना ही गोष्ट इतकी आवडली की पुढच्या प्रत्येक गावात त्यांनी ती कोणाला ना कोणाला ऐकवली.

आणि एक गोष्ट इथे घडली, ती लक्षात ठेवा. पाहुण्या संघाच्या खेळाडूने होमरन (आपल्या षटकारासारखा फटका) मारला, चेंडू प्रेक्षकांत पडला. ज्याच्या हाती लागला त्याने तो सरळ मैदानात भिरकावून दिला आणि सगळं पार्क टाळ्या वाजवायला लागलं. बाबा म्हणाले, "शिस्त आहे लोकांना."

पुढचा भाग खाली प्रतिसादातच टाकतो, जेवून येतो.

प्राची_डी

मस्त! पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. फोटो दिसत नाहीयेत.

तिसरा_पंच

वीस वर्षं अमेरिकेत आहे, एकही सामना अखेरपर्यंत पाहिलेला नाही. तीन तास बसायचं, त्यात अडीच तास एक जण थुंकतोय आणि दुसरा टोपी सारखी करतोय. हॉट डॉग आणि पार्किंगलाच निम्मा पगार. (हलके घ्या.)

उकडीचा

पंच, तुम्ही २०२३ नंतर गेला नसाल. आता चेंडू टाकणाऱ्यावर घड्याळ लावलंय. बेसवर कोणी नसेल तर १५ सेकंदांत टाकावाच लागतो. सामना सरासरी वीस-पंचवीस मिनिटांनी आटोपशीर झालाय. थुंकायलाही आता घाईच करावी लागते.

लाँगऑफ (धागाकर्ता)

जेवून आलो. फोटोंचं उद्या बघतो.

दुसरा दिवस: फजिती. लुइव्हिलला बॅटचा कारखाना आणि संग्रहालय आहे, लुइव्हिल स्लगर. दाराशी १२० फूट उंचीची पोलादी बॅट इमारतीला टेकवून ठेवलीय, एखादा राक्षस पाणी प्यायला आत गेलाय आणि बॅट बाहेर ठेवून गेलाय अशी. कारखान्याची शेवटची फेरी गाठायला आम्ही अगदी वेळेत पोचलो. म्हणजे गाडीतल्या घड्याळाप्रमाणे. शिकागोहून इंडियानात खाली उतरताना वाटेत वेळ बदलते, एक तास पुढे. माझ्या जुन्या गाडीला ते कळत नाही. मला कळायला हवं होतं, पण मी आईने दिलेल्या दशम्या खाण्यात गुंग. बायको फक्त एवढंच म्हणाली, "आयटीत आहेस ना?"

लुइव्हिलला मुक्काम होताच, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली फेरी धरली. लाकडाचा दांडा यंत्रात घालतात आणि बघता बघता बॅट बाहेर येते. बाबा यंत्रावरच्या माणसाला सोडेनात. लेथवर त्यांनी स्वतः अर्धं आयुष्य काढलंय, त्यामुळे फीड किती, टूल कशाचं, बिघाड झाला तर कोण बघतं, अशी चौकशी. लाकूड मेपलचं, बर्चचं, ॲशचं. ॲशच्या झाडांना एका परदेशी किड्याने ग्रासलं आणि मोठ्या खेळाडूंच्या हातातून ॲशच्या बॅटी जवळजवळ गेल्याच. आपल्याकडे विलो, तिकडे हे. निघताना प्रत्येकाला एक छोटी बॅट भेट मिळते. ती विमानात हातातल्या सामानात ठेवू नका, चेक-इनच्या बॅगेतच टाका.

तिथून सिनसिनाटी शंभर मैल. ओहायो नदीच्या काठाला पार्क, घरच्या संघाच्या चेंडू टाकणाऱ्याने तीन स्ट्राइकवर फलंदाज बाद केला की आगबोटीच्या नळकांड्यांतून जाळ निघतो वगैरे तमाशा. १८६९ साली उघडपणे पगारी खेळाडू घेऊन उतरलेला पहिला संघ याच गावचा, त्याचा अभिमान भिंतीभिंतीवर. पण त्याआधी दुपारी आम्ही पार्कच्या शेजारच्या इमारतीत गेलो होतो आणि तिथून बाहेर पडल्यावर तासभर कोणी काही बोललं नाही.

ते नॅशनल अंडरग्राउंड रेलरोड फ्रीडम सेंटर. इथे ओहायो नदी ही गुलामीची सीमा होती. दक्षिण काठाला केंटकी, गुलामीचं राज्य. उत्तर काठाला ओहायो, तिथे गुलामी नाही. रात्री नदी ओलांडून पळून येणाऱ्यांना घराघरांतून लपवत पुढे कॅनडापर्यंत पोचवणारी माणसं होती. रेल्वे नव्हे, पण भाषा रेल्वेची: स्टेशन, कंडक्टर. बाबा आयुष्यभर रेल्वेत, त्यांना आधी वाटलं खरीच भुयारी गाडी बघायला आणलंय. आत केंटकीतल्या एका शेतावरून उचलून आणलेली लाकडी ओंडक्यांची दुमजली कोठी उभी केलीय. विकायला न्यायच्या माणसांना त्यात डांबून ठेवत. आत जाता येतं. आई दारातच थांबली. माझी मुलगी चिऊ (वय ८) विचारत होती, "मग ते पोहून का नाही गेले?" खिडकीतून नदी दिसत होती. रुंद आहे हो, खूप रुंद.

संध्याकाळी सामना. चौथ्या डावात आभाळ फाटलं. वीस-एक माणसं धावत आली आणि अख्ख्या आतल्या मैदानावर ताडपत्री ओढली. पावणेदोन तास खेळ बंद. अर्धे लोक घरी गेले. आम्हीही उठलो, पण बाबा जागचे हलेनात. "थांबेल. आभाळ पश्चिमेकडून उघडतंय." थांबला! पाच डाव पूर्ण झाल्याशिवाय सामना धरला जात नाही, हे त्यांना शेजारच्यांनी सांगितलं होतं, त्यामुळे पाचवा डाव संपला तेव्हा त्यांनी असा सुस्कारा सोडला की जणू गुण त्यांच्याच क्लबला मिळणार होते.

मुक्काम_ओहायो

सिनसिनाटीकर हजर! चिली खाल्लीत की नाही? स्पॅगेटीवर दालचिनी घातलेला खिम्याचा रस्सा आणि वर किसलेल्या चीजचा डोंगर. १९२२ मध्ये मॅसेडोनियातून आलेल्या भावांनी सुरू केलेला प्रकार. पहिल्यांदा खाणाऱ्याला वाटतं स्वयंपाक्याचं काहीतरी चुकलंय. शाकाहारींसाठी काही ठिकाणी काळ्या घेवड्याची मिळते.

आणि पार्कजवळचा निळा झुलता पूल चालत ओलांडलात का? रोबलिंगचा, १८६६-६७ चा. ब्रुकलिनचा पूल त्याने त्यानंतर आखला.

लाँगऑफ (धागाकर्ता)

पूल ओलांडला. चिली मी आणि मुलाने खाल्ली. आईने वास घेऊन विचारलं, "यात गरम मसाला कोणी घातला?"

गवताचं_पातं

लेखातला फ्रीडम सेंटरचा भाग वाचून थांबले. महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' (१८७३) अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली होती, निग्रो गुलामांना मुक्त केल्याबद्दल. शाळेत एका मार्काच्या प्रश्नासाठी पाठ केलं होतं. पुण्यात बसून १८७३ साली त्यांना जे दिसलं, ते तुमच्या आईंना त्या कोठीच्या दारात दिसलं असेल असं उगाच वाटलं. अवांतर वाटल्यास क्षमस्व.

लाँगऑफ (धागाकर्ता)

अजिबात अवांतर नाही. बाबांनी रात्री हॉटेलात हेच काढलं होतं, मला लिहायचं सुचलं नाही. त्यांच्या वर्कशॉपमध्ये फुले जयंतीला भाषणं व्हायची, तिथे त्यांनी ऐकलं होतं. "आम्ही टाळ्या वाजवल्या, पण कोणाला अर्पण केलं ते आज कळलं," म्हणाले.

पुढे पिट्सबर्ग. तुम्हाला एकाच पार्कात जायचं असेल तर इथे जा, माझं स्पष्ट मत. सामन्याच्या दिवशी क्लेमेंटे पूल गाड्यांना बंद करतात आणि सगळं गाव पिवळ्या पुलावरून चालत पार्कात जातं. आत बसलं की समोर नदी, पूल आणि त्यामागे उंच इमारती. तिकिटंही शिकागोच्या मानाने निम्म्याहून कमी. सामना न बघता नुसतं समोर बघत बसलात तरी पैसे वसूल.

सकाळी पेन हिल्सच्या व्यंकटेश्वर मंदिरात गेलो. अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या हिंदू मंदिरांपैकी एक, सत्तरच्या दशकातलं. कँटीनमधला दहीभात आणि चिंचेचा भात खाऊन पाच दिवसांनी आई माणसात आली. दुपारी ड्यूकेन इन्क्लाइन, १८७७ पासून डोंगर चढणारा लाकडी डबा. आई म्हणाली, "सप्तशृंगीला आहे तसंच की!" ते याच्यापेक्षा जवळजवळ दीडशे वर्षांनी धाकटं आहे हे मी बोललो नाही. वरून तीन नद्यांचा संगम दिसतो. दोन मिळून तिसरी होते, तीच ओहायो, जी आदल्या दिवशी सिनसिनाटीत पाहिली. चिऊने विचारलं, "मग ही आपल्या मागे आली की आपण हिच्या मागे?"

आता तो चेंडू. सहाव्या डावात फाउल (रेषेबाहेर उडालेला) चेंडू जाळीवरून आमच्या रांगेत आला. शेजारच्या बाईंनी हातमोज्यात झेलला आणि चिऊ बघतेय हे बघून तिच्या हातात ठेवला. चिऊ आनंदाने थिजली. आणि बाबा ओरडले, "टाक! टाक परत! ते थांबलेत!"

रिगलीत जे पाहिलं तो त्यांनी नियम समजून घेतला होता. आपल्याकडे चेंडू परतच द्यायचा असतो, शिवाजी पार्कावर चेंडू ढापला तर मार खाल्ला असता. इकडे चिऊ रडकुंडीला, तिकडे आजोबा हात पुढे करून उभे, मागची माणसं "नो, नो, सर!" करतायत. शेवटी मुलाने समजावलं की इथे चेंडू ठेवायचा असतो, रिगलीतला परत टाकला तो राग म्हणून. शत्रूचा होमरन घरात ठेवायचा नाही म्हणून. बाबा बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "मग ते थुंकून चेंडू घासत नाहीत, ते यामुळे? कितीही जुना झाला तरी नवा मिळतोच."

तिसरा_पंच

खरी गंमत सांगू? (हो, मी बेसबॉल बघत नाही, पण वाचतो.) इथे नव्या चेंडूची चकाकी मुद्दाम घालवतात. सामन्याआधी प्रत्येक चेंडूला चिखल चोळतात, न्यू जर्सीत डेलावेअरच्या एका उपनदीकाठचा खास चिखल. आपल्याकडे एवढं केलं तर आयसीसी घरी पाठवेल.

लाँगऑफ (धागाकर्ता)

पंच, हे मी बाबांना फोनवर सांगितलं. दोन मिनिटं शांतता. मग, "आम्ही पँट लाल करून घेतल्या आयुष्यभर, आणि हे चिखल लावतात?"

उकडीचा

पिट्सबर्ग म्हटलं की रिंकू सिंग आठवतो. २००८ मध्ये याच पायरेट्स संघाने त्याला आणि दिनेश पटेलला करारबद्ध केलं. भारतात वेगाने चेंडू फेकायची स्पर्धा झाली, त्यातून निवडलेली उत्तर प्रदेशातली भाला फेकणारी पोरं. अमेरिकन व्यावसायिक बेसबॉलमध्ये करार मिळवणारे पहिले भारतीय.

प्राची_डी

केकेआरचा रिंकू? तो बेसबॉलपण खेळला?

उकडीचा

नाही हो! तो अलीगढचा, हा भदोहीचा. हा वरच्या लीगपर्यंत पोचला नाही, पुढे कुस्तीच्या तमाशात गेला, वीर महान नावाने.

मुक्काम_ओहायो

क्लेमेंटेबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून. पोर्तो रिकोचा रॉबर्टो क्लेमेंटे, पायरेट्सचा खेळाडू, कारकिर्दीत बरोबर ३००० हिट (बेस मिळवून देणारे फटके). १९७२ च्या डिसेंबरात निकाराग्वात भूकंप झाला, तिथे मदतीचं सामान घेऊन तो स्वतः विमानाने निघाला आणि ३१ डिसेंबरला ते विमान समुद्रात कोसळलं. त्याचा क्रमांक २१, म्हणून पार्कातली उजवीकडची भिंत २१ फूट उंच आहे. पुढच्या वेळी बघा.

लाँगऑफ (धागाकर्ता)

ही भिंत माझ्या डोळ्यांसमोर तीन तास होती आणि मला ठाऊक नव्हतं. धन्यवाद.

क्लीव्हलंड थोडक्यात उरकतो. पाच डावांनंतर मुलं झोपली, म्हणून अर्धा सामना. रॉक अँड रोलचं संग्रहालय मला आवडलं, बाकी पाचही जणांनी ते माझ्यासाठी सोसलं. संघाचं नाव आधी इंडियन्स होतं, २०२२ च्या मोसमापासून गार्डियन्स. हे ऐकून आई: "का, आपण काय केलं?" मग इथल्या मूळ रहिवाशांच्या आक्षेपाची गोष्ट सांगितली. नवं नाव पार्काजवळच्या पुलावरच्या दगडी राखणदारांवरून घेतलंय, प्रत्येकाच्या हातात एकेक वाहन. आपल्या वेशीवरच्या मारुतीसारखे, फक्त हातात द्रोणागिरीऐवजी ट्रक.

आणि डेट्रॉइट, जिथे सामना नव्हता. पार्काच्या दाराशी वाघांच्या पुतळ्यांबरोबर फोटो काढले आणि कला संग्रहालयात गेलो. तिथल्या मोठ्या दालनात दिएगो रिवेराने १९३२-३३ मध्ये चारही भिंती रंगवल्यात, २७ चित्रचौकटी, फोर्डच्या रूज कारखान्याच्या. मंदीचे दिवस, आणि पैसे दिले एड्सेल फोर्डने. आम्ही वीस मिनिटांत बाहेर पडू असा माझा हिशोब होता. बाबा तिथे दीड तास होते.

ते चित्र बघत नव्हते, काम बघत होते. हा फाउंड्रीचा माणूस, याला भट्टीचा चटका बसतोय म्हणून मान वळवलीय. हा ओढतोय तो इंजिनाचा ब्लॉक, याची कंबर संध्याकाळी कामातून जाणार. तो टोपीवाला चार्जमन, प्रत्येक शॉपमध्ये असतोच. एका कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "बघ, हे दोघं एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीयेत, पण एकाच तालात ओढतायत. नाहीतर बोटं जातात." बाबांच्या डाव्या करंगळीचं टोक नाही. मला लहानपणापासून 'मशीनमध्ये गेलं' एवढंच ठाऊक होतं. कोणत्या मशीनमध्ये, कोणाच्या चुकीने, कोणी डब्यातला कपडा फाडून बांधला, हे त्या बाकावर बसून कळलं. मुलगा माझ्यापेक्षा जास्त ऐकत होता.

सामना असता तर आम्ही तिथे गेलोच नसतो.

गवताचं_पातं

वाचनखूण साठवली. आता काही बोलत नाही.

प्राची_डी

आम्ही जूनमध्ये सासूबाईंना घेऊन असंच काहीतरी करतोय, म्हणून प्रश्न: ज्येष्ठांसाठी चालणं किती? खाणं आत नेऊ देतात का? किती पार्कं धरावीत?

लाँगऑफ (धागाकर्ता)

चालणं बरंच, पण व्हीलचेअरसाठी कर्मचारी आपणहून मदत करतात. तिकीट काढताना सावलीची बाजू विचारा, दुपारच्या सामन्यात ऊन सोसवत नाही. खाण्याचे नियम प्रत्येक पार्काचे वेगळे, जाण्याआधी त्यांच्या साइटवर बघा. सिनसिनाटीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बिनबोभाट आत गेली. बॅग छोटी ठेवा, बऱ्याच ठिकाणी मोठी बॅग दारातच अडवतात. पार्कं मोजू नका. आम्हाला तिसाव्या पार्काचा शिक्का मारायचाय म्हणून धावणारी कुटुंबं भेटली, त्यांना विचारलं गावात काय पाहिलंत, तर पार्किंगचा मजला सांगितला.

उकडीचा

मिलवॉकी राहिलंच की तुमचं! घरापासून दोन तासही नाहीत. पार्किंगमध्ये शेगड्या लावून सामन्याआधी जेवणं, सहाव्या डावात सॉसेजचे पोशाख घातलेल्या माणसांची शर्यत. आणि पंख्यासारखं उघडमीट होणारं छप्पर, त्यामुळे सामना वाया जायचा प्रश्नच नाही.

लाँगऑफ (धागाकर्ता)

बाबा मे महिन्यात पुन्हा येतायत. चेंडू चिऊने त्यांना उसना दिलाय, तो सध्या परळला आहे. त्याला १०८ टाके असतात हे कळल्यापासून आई त्याला जपमाळ म्हणते. बाबांची तक्रार वेगळी: शिवण गोल गोल फिरते, ऑफस्पिनला बोट ठेवायचं कुठे? रोज संध्याकाळी कट्ट्यावर त्यावर चर्चासत्र चालतं म्हणे.

मिलवॉकीचं काल फोनवर सुचवून पाहिलं. छप्पर बंद होतं म्हटल्यावर विचारतात, "मग पाऊस आला तर बघायचं काय?"